हँडल उंच करायचंय: रायझर घेण्याआधी आणि बसवताना काय काय बघावं?

लांबपल्ला

नमस्कार मंडळी,

मोटारसायकल नेकेड प्रकारातली आहे, म्हणजे पुढे वारा अडवणारं आवरण नसलेली. हँडल एकसंध नळीचं, टाकी जरा लांबट. गावातल्या गावात काहीच त्रास नाही. हायवेला लागलं की तासाभरात दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागतं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये गाठ आल्यासारखं होतं, मान आखडते. थांबून हात झटकले की बरं वाटतं, निघालं की पुन्हा तेच.

उंची ५ फूट ११ इंच, पण हात त्या मानाने आखूड आहेत. त्यामुळे हँडलपर्यंत पोचायला पुढे झुकावं लागतं. रायझर, म्हणजे हँडलच्या पकडीपाशी बसवून ते उंच करणारे धातूचे तुकडे, बसवून हँडल वर आणि थोडं मागे आणावं असं मनात आहे. ५० मिमीचे घ्यायच्या विचारात आहे, म्हणजे एकदाच काय तो फरक पडेल. केबल, ब्रेकचा पाइप वगैरे पुरेल का? आणि गाडीच्या वागण्यात काही बदल होतो का? ज्यांनी बसवलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पान्हापक्कड

लांबपल्ला, ५० मिमीवर एकदम जाऊ नका. तुमचं वजन हातांवर येतंय एवढं वर्णनावरून दिसतंय. पण ते का येतंय हे एकट्या हँडलवरून ठरत नाही. सीट, फूटरेस्ट आणि हँडल या तिघांचा मिळून जो त्रिकोण होतो, त्यावर सगळं अवलंबून असतं. सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीकडे घसरतो आणि स्वतःला मागे ढकलायला हात वापरतो. तसं असेल तर हँडल कितीही वर घ्या, तळव्यावरचा भार काही जाणार नाही.

रायझरच्या आधी लिव्हरचा कोन बघा. गाडी मेन स्टँडवर लावा, किंवा कुणाला तरी सरळ धरायला सांगा. नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात मुठींवर ठेवा आणि बोटं सरळ पुढे काढा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ यायला हवी आणि लिव्हर त्या बोटांखाली अलगद सापडायला हवी. बहुतेक गाड्यांच्या लिव्हर कारखान्यातून जरा वर बसवलेल्या असतात. बोटं लिव्हरवर ठेवायची म्हणून मनगट मागे मोडावं लागतं आणि तासन्‌तास ते तसंच मोडलेलं राहतं. लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून ती थोडी खाली फिरवली की काही जणांचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

फिरवताना एक बघा. स्विचच्या डबीत आतून एक बारीक खुंटी असते आणि ती हँडलला पाडलेल्या भोकात बसते. डबी फिरत नाही म्हणून जोर लावू नका, खुंटी तुटते. लिव्हर वेगळी फिरते. आरसे लिव्हरच्याच क्लॅम्पवर असतील तर ते पुन्हा लावून घ्या. उजव्या बाजूला ब्रेक ऑईलची डबी असते, ती फार कलू देऊ नका. हँडल सरळ असताना ऑईलची पातळी साधारण आडवी दिसली पाहिजे.

तेवढं करून एक मोठी फेरी मारा आणि इथे लिहा.

सरळकणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः गाडीही चालवते, म्हणून या बाजूने थोडं.

कोणती बोटं बधिर होतात हे फार महत्त्वाचं असतं, आणि तुम्ही ते नेमकं लिहिलंत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अल्नर नावाच्या नसेवर चालतं. ही नस कोपराच्या मागून येते आणि तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून जाते. हात ताठ ठेवून तळव्याच्या टाचेवर शरीर टेकलं की ती तिथे दाबली जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असतं तर मी मीडियन नसेचा विचार केला असता. तिथे मूठ घट्ट आवळणं, मनगट मोडणं आणि हँडलची थरथर ही कारणं जास्त दिसतात. म्हणजे पान्हापक्कड यांचा अंदाज बरोबर आहे, तुमच्या हातांवर भार येतोय.

पण एक विचारते. गाडी चालवताना गुडघ्यांनी टाकी धरता का? मांड्या आणि पोटाचे स्नायू धड तोलत असतील तर हातांना फक्त दिशा देण्याचं काम उरतं. चालू गाडीवर कोपर पंखासारखे हलवता आले पाहिजेत. ते हलत नसतील तर तुम्ही हँडलचा आधार घेताय असं समजा. दर थोड्या वेळाने ही तपासणी स्वतःशी करत जा.

मानेचं कारण वेगळं आहे. धड पुढे झुकलं की रस्ता दिसण्यासाठी डोकं मागे उचलून धरावं लागतं, त्यातून वाऱ्याचा दाब आणि हेल्मेटचं वजन. इथे हँडल वर येण्याचा खरा फायदा होईल.

आणि एक सांगणं. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा तासन्‌तास राहत असेल, रात्री जाग येत असेल किंवा पकड कमी झाल्यासारखी वाटत असेल तर रायझरची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. नस जास्त दिवस दाबलेली राहणं चांगलं नाही.

उभा_स्वार

मी रायझर बसवले ते कच्च्या रस्त्यासाठी. फूटरेस्टवर उभं राहून चालवताना हँडल खाली असेल तर कमरेत वाकावं लागतं आणि थोड्याच वेळात पाठ बोलायला लागते. ३० मिमीने माझं काम झालं. उभं राहिल्यावर कोपर किंचित वाकलेले राहतात, छाती हँडलच्या वर येते.

त्याहून उंच हँडलची एक गाडी चालवून बघितली होती. उभं राहायला छान, पण चढावर पुढच्या चाकावर वजन द्यायचं म्हटलं तर हात छातीपाशी येतात आणि पुढे झुकायला जागाच उरत नाही. बसून चालवताना मोकळ्या वळणात पुढचं चाक हलकं वाटत होतं. उंच म्हणजे आरामदायी हे एका मर्यादेपर्यंतच खरं.

लांबपल्ला

सगळ्यांचे आभार. लिव्हर खाली फिरवली. मनगटाला लगेच फरक पडला, बोटं बधिर व्हायला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. सरळकणा ताई, तुम्ही सांगितलेली कोपर हलवायची तपासणी केली. हायवेला वेग स्थिर असला की माझे कोपर ताठच असतात. टाकी गुडघ्यांनी धरली की हलतात, पण मग थोड्या वेळाने मांड्या दमतात. सवयीने जमेल असं वाटतंय.

मान आणि खांदे मात्र जसेच्या तसे. म्हणजे हँडल वर घ्यावं लागणारच. आता किती घ्यायचं ते कसं ठरवू?

पान्हापक्कड

विकत घेण्याआधी लाकडी ठोकळ्यांवर बघून घ्या. २०, ३० आणि ४० मिमी जाडीचे ठोकळ्यांचे जोड कापून घ्या. गाडी स्टँडवर पक्की उभी करा, टाकीवर जाड कापड टाका, हँडलच्या क्लॅम्पचे वरचे भाग काढा, खाली ठोकळे ठेवा आणि हँडल त्यावर दोरीने आवळून बांधा. हे फक्त उभ्या गाडीवर बसून बघण्यासाठी आहे. अशी गाडी एक फूटही ढकलू नका.

प्रत्येक उंचीला हेल्मेट घालून निवांत बसा आणि कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. आपल्याला वाटतं तसे आपण बसलेले नसतो, फोटोत खांदे कानाकडे उचललेले आहेत का ते लगेच दिसतं. खांदे उचलले गेले की हँडल जास्त वर गेलं असं समजा. बहुतेक जण इथेच ५० वरून ३० वर येतात.

ठोकळ्यांवर असतानाच हँडल हळूहळू डावीकडे शेवटपर्यंत आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवा आणि केबल, पाइप, वायरिंग कुठे ताणतंय ते बघा. विकत घेतल्यावर जे कळणार ते आधीच कळतं.

आता भूमितीचं थोडं, कारण तुम्हाला हँडल मागेही हवंय. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा जोड, उभा नसतो, मागे कललेला असतो आणि साधा रायझर हँडलला त्याच कलत्या रेषेत वर नेतो. म्हणजे हँडल वर जाता जाता आपोआप थोडं मागेही येतं. फोर्क उभ्या रेषेपासून २५ अंश कललेला असेल आणि रायझर ३० मिमीचा असेल तर हँडल साधारण २७ मिमी वर आणि १३ मिमी मागे येतं. आखूड हातांना हे १३ मिमी चांगलेच जाणवतात. वळवण्याच्या अक्षापासून मुठींचं अंतर मात्र बदलत नाही, त्यामुळे गाडी वळवायला लागणारा जोर तोच राहतो.

मागे ओढणारे रायझर वेगळे. त्यांची वरची पकड खालच्या बोल्टच्या रेषेत नसते, मागे सरकवलेली असते. त्यात हँडल जास्त जवळ येतं, पण मुठी अक्षाच्या मागे गेल्याने वळवताना त्या बाजूला जास्त झुलतात. पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकीला किंवा मूठ गुडघ्याला लागते का हे त्यांच्या बाबतीत आधी बघावं. ज्यांचे हात खरंच पोचत नाहीत त्यांच्यासाठी ते उपयोगाचे आहेत. तुम्हाला साधेच पुरतील असं मला वाटतं.

घेताना नळीची जाडी मोजून घ्या. पकडीपाशी जुन्या साध्या हँडलला २२.२ मिमी असते, बऱ्याच क्रूझरना २५.४ आणि मधे जाड, टोकांना निमुळत्या हँडलला २८.६. निमुळत्या हँडलची मुठीची जागा २२.२ च असते, म्हणून मूठ मोजून रायझर मागवू नका.

धुळकट

पान्हापक्कड यांच्या सगळ्या मुद्द्यांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

वाऱ्याचा विचार करा. पुढे झुकून बसलेल्या माणसाला वेगात वारा छातीखालून थोडा उचलून धरतो आणि हातांवरचा भार त्याने कमी होतो. सरळ बसलं की तोच वारा छातीवर आदळतो आणि मग पडू नये म्हणून हँडल ओढून धरावं लागतं. भार ढकलण्याचा होता तो ओढण्याचा होतो. विंडस्क्रीन नसलेल्या गाडीवर बहुतेक वेळ वेगात जाणाऱ्याने थोडकीच उंची वाढवावी असं माझं मत आहे.

दुसरं, गाडी पडल्यावर. उंच रायझर म्हणजे बोल्टवर लांब तरफ. उभी गाडी आडवी झाली तरी हँडलचं टोक जमिनीवर आपटतं आणि तो सगळा जोर त्या बोल्टवर येतो. पडल्यानंतर हँडल वाकडं वाटलं आणि हाताने फिरवून सरळ केलं, एवढ्यावर सोडू नका. बोल्ट काढून सपाट काचेवर लोळवून बघा. वाकलेला असेल तर डुगडुगतो. असा बोल्ट फेकून द्यायचा.

वळणवाट

माझ्या गाडीला एकसंध हँडल नाही, क्लिप-ऑन आहेत, दोन्ही बाजूंना फोर्कच्या नळ्यांना आवळलेले. मला रायझर बसतील का? मनगटांची तक्रार लांबपल्ला यांच्यासारखीच आहे.

पान्हापक्कड

वळणवाट, तुम्हाला हे रायझर बसणार नाहीत, त्यांना आवळायला मधे क्लॅम्पच नाही. तुमच्यासाठी उंच क्लिप-ऑन मिळतात. पकड नळीवर जिथल्या तिथे आणि मूठ मात्र वरच्या पातळीवर. दुसरा मार्ग म्हणजे वरची टी (फोर्कच्या नळ्या वरून धरणारा आडवा भाग) बदलून एकसंध हँडल बसवणं. पण त्यात केबल, पाइप, वायरिंग सगळंच लांब करावं लागतं आणि फेअरिंगला (गाडीच्या पुढच्या आवरणाला) हँडल लागतं का हाही प्रश्न येतो. आधी उंच क्लिप-ऑनच बघा.

नळ्या टीमधून वर-खाली सरकवून क्लिप-ऑन उचलायचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. नळ्या सरकवल्या की गाडीच्या पुढच्या बाजूची उंची आणि फोर्कचा कल बदलतो आणि गाडीचं वळणातलं वागणं बदलतं. बसण्याच्या सोयीसाठी त्याला हात लावू नये.

लांबपल्ला

ठोकळ्यांचा सल्ला फारच कामाचा निघाला. २० ला मान अजून वर उचलावी लागत होती. ४० ला फोटोत खांदे उचललेले दिसले आणि डावीकडे पूर्ण वळवल्यावर क्लचची केबल गिटारच्या तारेसारखी ताठ झाली. ३० ला कोपर हलके वाकलेले, खांदे खाली. तेव्हा ३० चे साधे रायझर मागवले. पकडीपाशी २८.६ मिमी मापलं आहे.

बसवताना कुठे लक्ष देऊ?

पान्हापक्कड

तीन ठिकाणी, आणि या तिन्हीत मी तडजोड करणार नाही, कारण चालत्या गाडीचं हँडल सुटलं किंवा अ‍ॅक्सिलेटर अडकला तर सावरायला वेळच मिळत नाही.

पहिलं, बोल्ट आणि आटे. रायझरची जाडी वाढली तेवढाच बोल्टही लांब हवा. रायझरबरोबर आलेला बोल्ट मूळ बोल्टशेजारी धरून बघा. ३० मिमीच्या रायझरला बोल्ट ३० मिमीने लांब असला म्हणजे आट्यांमधली पकड मूळ एवढीच राहते. आखूड असेल तर दोन-चार आट्यांवर सगळा भार येतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे एक दिवस सुटतात. ८ मिमीच्या बोल्टचे किमान १२ मिमी तरी अ‍ॅल्युमिनियममध्ये गेलेले असावेत. उलटी चूकही होते. भोक आरपार नसेल आणि बोल्ट जास्त लांब असेल तर तो तळाला टेकतो. पाना घट्ट झाल्याचं सांगतो आणि रायझर मात्र सैलच असतो. बारीक काडी घालून भोकाची खोली मोजा, बोल्ट किती आत जाणार ते मोजा आणि मगच आवळा. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला असतो. मूळ बोल्टवर जो आकडा आहे त्याहून कमी आकड्याचा बोल्ट तिथे लावू नका, आणि आकडा नसलेला तर मुळीच नको.

काही गाड्यांत पकडीचा खालचा भाग टीच्या खालून बोल्टने ओढलेला असतो. तिथे रायझर मधे येतो आणि लांब बोल्ट खालून घालावा लागतो. तुमची रचना कोणती ते टीखाली आरसा धरून बघा.

दुसरं, आवळण्याची पद्धत. हाताच्या अंदाजाने आवळू नका, टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की टक करून सांगणारा पाना) वापरा आणि जोराचा आकडा गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतला घ्या. ८ मिमीच्या बोल्टला बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या पुस्तिकेत जो असेल तोच खरा. क्लॅम्पच्या वरच्या भागावर ठिपका किंवा बाण असेल तर तो पुढच्या बाजूला. अशा क्लॅम्पमध्ये बहुधा पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळून पुढची फट बंद करायची आणि मग मागचे, फट फक्त मागे राहते. काही क्लॅम्पना पुढे-मागे सारखी फट ठेवायची असते. चुकीच्या पद्धतीने आवळलं तर क्लॅम्पचा वरचा भाग तडकू शकतो. हँडलवर एक टोचा मारलेला असतो, तो क्लॅम्पच्या फटीशी जुळवा म्हणजे हँडल मूळ कोनात बसतं. रायझरच्या खालच्या बोल्टना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा, आटे आधी स्वच्छ पुसून. ते लावल्यावर कोरड्या आट्यांसाठीचा टॉर्क थोडा जास्त पडू शकतो, तेव्हा रायझरच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

तिसरं, ताण. हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढचं चाक जमिनीवरून उचला, म्हणजे फोर्क पूर्ण लांब होईल. खड्ड्यावरून गाडी उडाली की तो असाच लांब होतो आणि ब्रेकचा पाइप तेव्हाच सगळ्यात जास्त ताणला जातो. चाक उचललेलं असताना हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. पाइपला कुठेही ओढ नको, तीव्र वळण नको, कुठे घासायला नको. नंतर चाक खाली घ्या, मोकळ्या हवेत गाडी न्यूट्रलवर चालू करा आणि हँडल हळूहळू दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज एका बाजूला जरासुद्धा चढला तर अ‍ॅक्सिलेटरची केबल ताणतेय. अशी गाडी रस्त्यावर न्यायची नाही. चौकात वळताना गाडी आपणहून वेग घेईल.

ज्यांच्या गाडीत अ‍ॅक्सिलेटरची केबलच नाही, सगळं वायरवर आहे, त्यांना ही खूण मिळणार नाही. त्यांनी मुठीपासून निघणारी वायर आणि स्विचच्या वायरिंगचा जुडगा बोटाने चाचपून बघावा. पूर्ण वळवल्यावर त्यात थोडी तरी ढील राहिली पाहिजे. ताणलेली वायर आतल्या आत तुटते आणि दोष मधूनमधून येत राहतो, शोधताना जीव जातो.

लांबपल्ला

काम झालं. पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

रायझरबरोबरचे बोल्ट मूळ बोल्टशेजारी ठेवून बघितले, लांबी बरोबर ३० मिमीने जास्त. डोक्यावर मूळ बोल्टच्या ८.८ ऐवजी १०.९ होतं. भोकाची खोली काडीने मोजली, तळाला टेकायला पुरेशी जागा शिल्लक होती. क्लॅम्पवर बाण होता, पुढचे बोल्ट आधी आवळले.

बसवून झाल्यावर चाक उचलून बघितलं तर ब्रेकच्या पाइपला दोन्हीकडे ढील होती. गाडी चालू केली. उजवीकडे वळवलं, काही नाही. डावीकडे अगदी शेवटच्या दोन बोटांत आवाज चढला. हात सोडून बघितलं तरी चढलेलाच राहिला. ठोकळ्यांवर तपासताना गाडी बंद होती, त्यामुळे हे तेव्हा कळलं नव्हतं. टाकी उचलून केबलचा रस्ता बघितला. ती टीच्या पुढून वळसा घेऊन हेडलाइटच्या मागच्या एका तारेच्या कड्यातून जात होती. कड्यातून काढून टीच्या मागून सरळ नेली. मधली घडी गेली आणि चांगली दोन-तीन सेंटिमीटर ढील मिळाली. पुन्हा चालू करून दोन्हीकडे वळवलं, आवाज हलला नाही. क्लचच्या केबलचाही रस्ता तसाच सुधारला आणि तिची ढील पुस्तिकेप्रमाणे पुन्हा लावली.

परवाच्या मोठ्या फेरीत मान आखडली नाही. बोटं शेवटच्या टप्प्यात जरा मुंग्या आल्यासारखी झाली, बधिर नाही झाली. एक नवीन गोष्ट जाणवली, माकडहाडावर आता जास्त भार येतो. खड्डा थेट पाठीत पोचतो.

सरळकणा

छान बातमी. माकडहाडाचं अपेक्षित होतं. पुढे झुकलेलं असताना धक्का हात, पाय आणि बैठक यांच्यात वाटला जातो, सरळ बसलं की तो बैठकीतून थेट कण्यात चढतो. कमरेचा नैसर्गिक बाक टिकवा, ओटीपोट मागे ढकलून कुबड काढून बसू नका. मोठा खड्डा दिसला की वजन फूटरेस्टवर घ्या आणि बूड किंचित उचला, गुडघे तो धक्का गिळतात. तेवढ्याने भागलं नाही तर सीटचा फोम बदलून घ्या, पण आणखी उंच रायझर नको.

मुंग्यांसाठी हातमोज्यांकडेही बघा. घट्ट हातमोजा किंवा तळव्यात नेमकी त्या उंचवट्यावर आलेली शिवण हेही पुरेसं कारण असतं.

दोनचाक

माझ्या गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे आणि ४० मिमीला ब्रेकचा पाइप पूर्ण वळवल्यावर ताणतो. मधे जोडतुकडा लावून पाइप लांब करता येईल का?

पान्हापक्कड

माझं ऐकाल तर जोडतुकडा नको. जोड वाढला की गळायची एक जागा वाढते आणि तो तुकडा फोर्कबरोबर सतत हलत राहतो. पाइपच लांब घ्या, तुमच्या गाडीच्या एबीएससाठी बनलेला. पाइपचं टोक आवळणाऱ्या पोकळ बोल्टच्या, म्हणजे बँजो बोल्टच्या, दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे टाका, जुने दाबून बसलेले असतात आणि पुन्हा नीट सील धरत नाहीत. ब्रेक ऑईल डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच प्रकारचं घाला. रंगावर सांडलं तर रंग खातं, टाकी झाकून घ्या आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा.

हवा काढायला मात्र एबीएसच्या गाडीत वेळ लागतो. हवा एबीएसच्या ठोकळ्यात शिरली तर काही गाड्यांत ती स्कॅनर लावून आतला पंप चालवल्याशिवाय निघत नाही. लिव्हर दाबल्यावर स्पंजासारखी वाटत असेल तर गाडी बाहेर काढू नका. त्यापेक्षा ३० मिमीने भागतंय का ते बघा, पाइप उघडावाच लागणार नाही.

उभा_स्वार

एक राहिलं. माझ्या गाडीत पकडीखाली रबरी बुश आहेत. रायझर बसवल्यावर उभं राहून हँडल ओढलं की ते आधीपेक्षा जास्त हलतं. बोल्ट सगळे तपासले, घट्ट आहेत.

पान्हापक्कड

बुश तेच, पण आता त्यावरची तरफ लांब झाली, म्हणून तेवढीच हालचाल मुठीपाशी जास्त दिसते. बुश जुने असतील तर नवे टाका, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. बुशऐवजी धातूचे टाकले तर हलणं थांबेल, पण इंजिनाची थरथर थेट हातात येईल आणि ताईंनी वर सांगितलेली मीडियन नस त्रास द्यायला लागेल. कच्च्या रस्त्यावर सतत उभं राहून चालवणाऱ्याने फार तर जरा कडक रबराचे बुश वापरावेत.

हे करताना कोनसेटही (फोर्क ज्यावर वळतो ते बेअरिंग) तपासा. चाक उचलून फोर्कची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे हलवा. तिथे ठकठक लागली तर दोष रायझरचा नाही, कोनसेट सैल आहे. बुशच्या हालचालीत आवाज येत नाही, नुसतं मऊ हलतं.

लांबपल्ला

बोल्ट दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावेत असं रायझरच्या कागदावर लिहिलं होतं. आज रेंच लावला. टीवरचे जिथल्या तिथे होते. क्लॅम्पच्या मागच्या दोन बोल्टपैकी एक जरासा फिरला आणि मग रेंचने टक केलं. थ्रेडलॉक लावलेले बोल्ट यापुढे आवळून बघावे लागू नयेत म्हणून त्यांच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवली आहे. रेघ तुटलेली दिसली की फिरला असं कळेल. वळणवाट, उंच क्लिप-ऑन बसवलेत की इथेच लिहा, फेअरिंगपाशी किती जागा राहते ते मलाही जाणून घ्यायचंय.